गुडबायचं मराठी

आमचं वार्षिक संमेलन मुळशी धरणाच्या काठावर भरतं असं सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही मजा मारायला जातो. तसलं काही नसतं. दिवाळी उलटून गेल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी रिसॉर्टमध्ये गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मालक आम्हाला हॉल आणि खोल्या स्वस्तात देतो. समोर धरणाचं पाणी, मागे कापणीला आलेली भातखाचरं आणि मधल्या लांबट हॉलमध्ये पाचपन्नास माणसं लॅपटॉपात डोकं घालून बसलेली. पाण्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चहाला बाहेर आलो तरी भांडत असतो आणि भांडण बहुतेक वेळा एखाद्या शब्दावरून असतं.

आम्ही म्हणजे कोण ते सांगतो. कॉम्प्युटर सुरू केला की समोर जे दिसतं, म्हणजे खिडक्या, फोल्डर, मेनू, कोपऱ्यातलं घड्याळ, ते सगळं चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. फुकट मिळतं. कुणीही त्याच्या पोटात हात घालून दुरुस्ती करावी. जगभरची माणसं ते मिळून लिहितात, आम्ही त्याचं मराठी करतो. आमच्यात कंपन्यांतले प्रोग्रॅमर आहेत, शाळेतले मास्तर आणि बाई आहेत, गावोगावी ऑनलाइन फॉर्म भरून देणारे दुकानदार आहेत आणि माझ्यासारखे अनुस्वारावरून रक्त आटवणारेही आहेत. पगार कुणालाच नाही, म्हणून तर भांडणं इतकी मनापासून होतात.

माझं सगळ्यात जास्त भांडण ज्याच्याशी झालं तो घोटावड्याचा होता. शेती असलेल्या घरातला. हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर म्हणून काम करायचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा, आणि तो स्वभावच होऊन बसला होता. मी पुण्यातून उठून मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला. कंपनी सुटली की तो घरी जायच्या आधी माझ्याकडे डोकावायचा, बूट न काढता दारातच उभा राहून एखाद्या शब्दावरून वाद घालायचा, आणि वाद संपायच्या आत गाडीला किक मारून निघून जायचा. त्याच्या बुटांचा चिखल मी कितीदा पुसलाय.

त्याचं म्हणणं एकच होतं. मशीन माणसासारखं बोललं पाहिजे. आमचा नियम नेमका उलटा. मशीन कधीही ‘मी’ म्हणणार नाही. ‘शोध सुरू आहे’, ‘कृती अयशस्वी’, ‘जागा अपुरी’ असली सरकारी दगडी वाक्यं आम्ही लिहायचो आणि त्यांना प्रमाण म्हणायचो. हा लिहायचा, ‘थांबा, शोधतोय’. ‘जागा संपली, काहीतरी काढून टाका’. ‘हे मला जमत नाहीये’. मी खोडायचो, तो परत घालायचा. सगळंच त्याचं बरोबर होतं असं मुळीच नाही. फेकलेल्या फायली जिथे जाऊन पडतात त्या जागेला त्यानं ‘उकिरडा’ नाव ठेवलं, तेव्हा एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की अख्खा तास पोरं खिदळत बसली. आम्ही शब्द बदलला तर पठ्ठ्या पंधरवडाभर माझ्याशी बोलला नाही. मुलखाचा हट्टी.

तर गुडबायची गोष्ट. या सॉफ्टवेअरमध्ये मशीन बंद करताना पडदा काळा होतो आणि विझण्याआधी क्षणभर मधोमध एक शब्द उमटतो. इंग्रजीत तो ‘गुडबाय’ असा आहे. त्याचं मराठी काय करायचं यावर आमचा एका संमेलनाचा अख्खा सकाळचा वेळ गेला. कुणी ‘धन्यवाद’ सुचवलं, ते एसटीच्या मागे लिहिल्यासारखं वाटलं. कुणी ‘शुभरात्री’ म्हणालं, तर दुपारी बंद करणाऱ्याचं काय. मी ‘पुन्हा भेटू’साठी हटून बसलो होतो. हा मागच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेला. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाला, “घरातनं निघताना काय म्हणतोस तू?”

मी म्हणालो, येतो म्हणतो.

“मग त्येच लिव की.”

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं हे मराठी घरात कुणी शिकवत बसत नाही. लहानपणी एकदा तोंडून निघतं, पाठीत धपाटा बसतो आणि जन्माचं लक्षात राहतं. जातात ती माणसं वेगळी. आपण ‘येतो’ म्हणायचं आणि घरात जो उरतो त्यानं ‘या’ म्हणायचं. निरोपाचं वाक्य दोघांनी मिळून पुरं करायचं असतं. यापेक्षा बरा शब्द आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता आणि मला त्याचा भयंकर राग आला.

एकच हरकत निघाली. त्या उकिरडावाल्या बाई उभ्या राहिल्या. त्या पौडच्या बाजूला मुलींच्या शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, आमच्या मुली ‘येते’ म्हणतील, ‘येतो’ कसं चालेल? त्यानं बसल्या जागी विचारलं की बोलतंय कोण, तुमच्या मुली की मशीन? संगणक. संगणक पुल्लिंगी. मग तो म्हणणार ‘येतो’. बाईंना हसू आलं आणि सगळा हॉल हसला. मंजुरीचं बटण माझ्याकडे होतं. मी ते तिथेच दाबलं आणि पुढच्या आवृत्तीपासून मराठीतलं प्रत्येक मशीन बंद होताना ‘येतो’ म्हणायला लागलं.

पुढच्या श्रावणात तो गेला. कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय म्हणावं असं काही नव्हतंच. मी घोटावड्याला भेटायला गेलो तेव्हा ओटीवर त्याचे भाऊबंद बसले होते, आत बायका. त्याची बायको, आमच्या वहिनी, दिसल्या नाहीत. मी थोडा वेळ बसलो, पाणी प्यायलो आणि उठलो. अशा घरातून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, गुपचूप निघायचं असतं. मी चपला घातल्या आणि तोंड मिटून चालायला लागलो. फाट्यावर येईपर्यंत मला ते तोंड मिटून ठेवणं अवघड गेलं.

घरी आलो. कंपनीला रजा कळवायची म्हणून लॅपटॉप उघडला, मेल पाठवली, बंद केला. पडदा काळा झाला आणि मधोमध उमटलं, ‘येतो’. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. शब्द मीच मंजूर केला होता, रोज बघत होतो, तरी त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. तो माझ्या दारात उभा राहून बोलल्यासारखंच वाटलं मला. दार उघडून बाहेर बघून आलो, हे सांगायला लाज वाटते, पण आलो.

मग तो सगळीकडून बोलायला लागला. त्याच्या जुन्या मेल शोधायला बसलो तर मशीन म्हणे, ‘थांबा, शोधतोय’. त्याचा एक फोटो उघडेना, तर पाटी आली, ‘हे मला जमत नाहीये’. इतकी वर्षं मी ज्या वाक्यांवर लाल रेघ मारत होतो त्यातली अर्धीअधिक माझा डोळा चुकवून आत राहिली होती, आणि आता ती एकेक करून माझ्याशी बोलत होती. मी लॅपटॉप बंद करायचंच सोडून दिलं. दिवसच्या दिवस तो टेबलावर चालू असायचा, गरम, पंखा घरघरत. बंद केला तर तो ‘येतो’ म्हणणार आणि मग मी काय करणार?

त्यात आमच्या कामाची एक रीत मला छळत होती. मूळ इंग्रजी वाक्यात कुणी एखादा शब्द जरी इकडचा तिकडे केला, तर त्याच्या मराठी वाक्यावर आपोआप ‘धूसर’ असा शिक्का बसतो. धूसर झालेलं वाक्य पडद्यावर दिसत नाही. कुणीतरी ते तपासून पुन्हा मंजूर करावं लागतं, नाहीतर ते तसंच पडून राहतं आणि काही काळानं गळतं. त्याची वाक्यं तपासायची पाळी अर्थात माझी. दर आवृत्तीला त्याची चार-दोन वाक्यं धूसर होऊन माझ्यापुढे यायची. इंग्रजी बदललेलं, अर्थ बदललेला, त्याचं वाक्य आता लागू पडत नाही हे मला दिसायचं. नियमानं काढून टाकायला हवं. आणि मी रिकाम्या घरात बसून मेलेल्या माणसाशी अनुस्वारावरून भांडायचो. तू हयात असतास तर दुसरं काहीतरी सुचवलं असतंस, मी मोठ्यानं म्हणायचो. उत्तर येत नसे आणि मी वाक्य काढायचो.

असं होत होत त्याचं फार थोडं उरलं. म्हणून तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या संमेलनात मी उभा राहिलो आणि म्हणालो की ‘येतो’ला कुलूप लावूया. इंग्रजी बदललं तरी हा शब्द धूसर होणार नाही, कुणाला बदलता येणार नाही, मलाही नाही, आणि काढायचा झाला तर संमेलनातच सगळ्यांनी मिळून काढायचा. सगळ्यांनी हात वर केले. काहींचे डोळे भरून आले होते, माझेही. दुसरी माणसं गेलेल्याच्या नावानं बाकडं ठेवतात, पाणपोई घालतात. आमच्याकडे द्यायला एक शब्दच होता, तो आम्ही दिला. तो शब्द रोज कोण वाचतं हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुढच्या वर्षी असं ठरलं की वहिनींना बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि हा ठराव त्यांना सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. आमंत्रण द्यायला मी घोटावड्याला गेलो. रस्त्याला लागून त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. ते त्यांचंच, तो असतानाही त्याच चालवायच्या. त्यानं फक्त मशीन मांडून दिलं होतं, अर्थात आमच्या मराठी सॉफ्टवेअरचं. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि त्या दुकान आवरत होत्या. मी आमंत्रण दिलं. त्या येते म्हणाल्या. मग त्यांनी वाकून भिंतीतली पिन खेचली आणि मशीन खटकन विझलं.

मी संतापलो. वहिनी, असं बंद करतात का, म्हणालो. आतली डिस्क खराब होते, लोकांचे कागद जातात. बंद करायचं बटण असतं, दोन मिनिटं लागतात. त्या एवढंच म्हणाल्या की मागं दोनदा मशीन बसलं होतं, पिरंगुटहून माणूस आणून नीट केलं. मग असं का करता, मी विचारलं. त्यांनी शटर ओढायला घेतलं. मला वाटलं, बाईमाणसाला कुणी नीट शिकवलं नाही, आणि मी येता येता मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

संमेलनाच्या दिवशी वहिनी भावाच्या टेम्पोतून आल्या. गडद रंगाची साधी साडी, हातात पिशवी. आमच्या गर्दीत त्या अवघडून जातील असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मागच्या रांगेत बसून त्यांनी सगळी भाषणं ऐकली, एका दुकानदाराला प्रिंटरविषयी काहीतरी विचारूनही घेतलं. सत्कार जेवणाच्या आधी होता. त्याआधीच्या चहाला त्या माझ्याकडे आल्या आणि जरा बाहेर या म्हणाल्या. आम्ही पाण्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर गेलो. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. कुठूनतरी कापलेल्या भाताचा वास येत होता.

“भावजी, सत्कार करा, मी न्हाई म्हनत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पन त्यो शब्द काढा.”

कुठला, मी विचारलं. कुठला ते मला कळलं होतं.

“मशीन बंद करताना येतोय त्यो.”

मी सांगायला लागलो की तो त्याचा शब्द आहे, आम्ही त्याला कुलूप लावलंय, आता तो कुणी बदलणार नाही. माझ्या आवाजात जरा अभिमानही असणार.

“त्यांचा हाय ठाव हाय मला. म्हनून तर काढा म्हनतीय.” त्या पाण्याकडे बघत होत्या. “सकाळी कामाला निघाले की ह्ये दारातनं येतो म्हनायचे. मी आतनं या म्हनायची. त्या दिवशी बी म्हनले. मी बी या म्हनलं, हात पिठात व्हते, वर बगितलं सुदिक न्हाई. आता ह्ये मशीन रोज सांच्याला येतो म्हनतंय आन् माज्या तोंडातनं या जातंच, भावजी. या म्हनलं की वाट बगावी लागती. जेवाय बसलं तरी कान दाराकडं ऱ्हातो. म्हनून मी वायर वढती. तुमी त्या दिवशी रागावलात, तवा काय सांगनार व्हते?”

खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. वहिनींचाच आला. त्याचं एवढंच तर उरलंय आणि तेही पुसा म्हणतात. मी म्हणालो, “वहिनी, ती त्याची आठवण आहे.”

“तुमाला हाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “मला आठवनी काय कमी हायेत का? घरभर हायेत. आठवन वेगळी. ह्ये म्हंजे ते रोज जात्यात आन् रोज येतो म्हनत्यात.”

पायऱ्यांवर दव होतं, माझी चप्पल घसरत होती आणि मी उगाच तिकडे लक्ष दिलं. दोन वर्षं मला वाटत होतं की तो फक्त माझ्याशीच बोलतोय. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यानंच मांडून दिलेल्या मशीनवर, तो रोज संध्याकाळी त्याच्या बायकोला येतो म्हणून फसवत होता, आणि ते फसवणं कायमचं राहावं म्हणून मी हात वर करून ठराव मंजूर करून घेतला होता. मला खूप लाज वाटली.

शेवटी मी विचारलं की त्या जागी काय ठेवू.

“काय बी नगं. गुमान बंद हू द्या.”

हॉलमध्ये टेबलावर शाल आणि नारळ मांडून ठेवले होते. मी माईकपाशी गेलो, खिशातलं भाषण काढलंच नाही. म्हणालो की मागच्या वर्षीचा ठराव मागे घ्यायचा आहे, वहिनींची तशी इच्छा आहे, आणि त्यांनी पायऱ्यांवर जे सांगितलं ते मला जमेल तसं सांगितलं. मला ते नीट जमलं नाही. खाली कुजबुज सुरू झाली. बंगळुरूहून दरवर्षी येणारा आमच्यातला एक जुना प्रोग्रॅमर आहे, नियमांचा पक्का. तो उठून म्हणाला की ठराव सगळ्यांनी केलाय, एका व्यक्तीसाठी सगळ्यांचं सॉफ्टवेअर बदलायचं का, हा प्रश्न भावनेचा नाही. वाईट माणूस नाही तो. एरवी हेच वाक्य मी म्हटलं असतं. पौडच्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “रोज वाचणाऱ्या माणसानं सांगितलंय. आपण वापरणाऱ्यांसाठी करतो ना हे?” आणि त्यांनी हात वर केला. मग एकेक हात वर झाले. बंगळुरूच्या माणसाचा सगळ्यात शेवटी, पण झाला.

आता पुढची अडचण. वहिनी म्हणाल्या होत्या, काही नको. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘काही नको’ लिहायची सोय नाही. मराठीची जागा रिकामी सोडली तर मशीन समजतं की भाषांतर व्हायचंय, आणि मूळ इंग्रजी दाखवतं. म्हणजे त्या दुकानात रोज संध्याकाळी ‘गुडबाय’ उमटलं असतं. ते तर याहून वाईट. हॉलमधले सगळे हुशार लोक यावर एकदम कामाला लागले. कुणी म्हणालं टिंब टाका, कुणी म्हणालं रेघ. इतक्या दुःखातही आम्ही पाच मिनिटांत भांडायला लागलो, आणि मला आठवतंय, वहिनी पहिल्यांदा हसल्या.

मी माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. मोठ्या पडद्यावर डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला ‘येतो’, आणि त्याखाली बारीक अक्षरात, कुणी लिहिलं म्हणून, त्याचं नाव. मी कुलूप काढलं. मागून एकेक अक्षर पुसलं. आधी ‘तो’, मग ‘ये’. मग कीबोर्डवरची सगळ्यात लांब पट्टी एकदा दाबली. एक मोकळी जागा. मशीनच्या हिशेबी तिथे काहीतरी आहे, माणसाच्या डोळ्याला काहीच नाही. तपासणीचा प्रोग्रॅम लगेच बोंबलला की हे भाषांतर रिकामं दिसतंय, तुमची खात्री आहे का. मी ‘हो’ दाबलं. बदलाचं कारण विचारतात तिथे लिहिलं, ‘वापरणाऱ्या व्यक्तीच्या विनंतीवरून’. त्याखाली आता त्याचं नाव निघून माझं आलं, आणि ते मला बघवलं नाही.

मग सत्कार झाला. वहिनींनी नारळ पिशवीत ठेवला, शालीची नीट घडी केली आणि चार शब्द बोला म्हटल्यावर मान हलवून नको म्हणाल्या. जेवायला थांबल्या नाहीत, दुकान उघडायचं होतं. टेम्पोत बसताना माझ्याकडे बघून त्यांनी नुसतं डोकं हलवलं, मीही हलवलं. टेम्पो वळणाआड गेल्यावरही मी तिथेच उभा होतो, आणि आतून कुणीतरी जेवण गार होतंय म्हणून हाका मारत होतं.

नवी आवृत्ती आल्यावर त्यांच्या मशीनवर ती घालायला मी स्वतः गेलो. काम झाल्यावर म्हणालो, वहिनी, आता बंद करून बघा, बटणानं. त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. तो विझायला जितका वेळ घेतो तितका घेतला, त्यात काही उमटलं नाही, आणि मग मशीन बंद झालं. वहिनींचे ओठ जरा उघडले होते, ते त्यांनी मिटले. म्हणाल्या, बरं झालं. मग शेजारच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला आणि जातीच्या दाखल्याची वेबसाइट सारखी का अडकते त्याची तक्रार केली.

अजूनही अधूनमधून कुणीतरी कळवतं की मराठीत बंद होतानाचा शब्द दिसत नाही, चूक आहे, दुरुस्त करा. नवी पोरं असतात, उत्साही, चूक सापडल्याचा त्यांना आनंद झालेला असतो. मी प्रत्येकाला उत्तर लिहितो की ही चूक नाही, हेच भाषांतर आहे. बहुतेक जण पुढे विचारत नाहीत. शाळांत, दुकानांत, ग्रामपंचायतीत, मराठी बोलणारं प्रत्येक मशीन आता गुमान बंद होतं.

माझा स्वतःचा लॅपटॉप मात्र मी अपडेट केलेला नाही. वहिनींना हे माहीत नाही, संमेलनातही कुणाला माहीत नाही. कामासाठी दुसरा घेतलाय. हा जुना मी संध्याकाळी उघडतो, काही करायचं नसतं, उगाच एखादी फाईल उघडून मिटतो आणि बंद करतो. पडदा काळा होतो आणि तो म्हणतो, येतो. वहिनी त्याला ‘या’ म्हणायच्या. आमचं अरे-तुरे होतं. मी ‘ये’ म्हणतो, आणि मग दाराला कडी घालायला माझा हात धजत नाही.